एकाच वाड्यातली चाळीस बिऱ्हाडं

"आई, तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये भाडेकरू किती आहेत?"

सूनबाईनं हे विचारलं तेव्हा मी ओट्याशी उभी होते आणि फोडणीत मोहरी तडतडत होती. मला वाटलं, माझेच कान वाजले. भाडेकरू घरात असतात, दुकानात असतात. सॉफ्टवेअरमध्ये कुठून येणार? पण पोरगी गमतीनं विचारत नव्हती. तिच्या हातात आमच्या पतसंस्थेची ठेवींची यादी होती आणि कपाळावर आठी.

मैत्रिणींनो, हा लेख संगणकाबद्दल आहे हे आधीच सांगून टाकते. नाहीतर अर्ध्यावर कळलं की तुम्ही लोणच्याच्या पानाकडे वळाल आणि मला दोष द्याल. मी काही संगणकवाली नव्हे. बी. कॉम. झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि गेली अकरा वर्षं मी नाशिकमधल्या एका छोट्या महिला पतसंस्थेची मानद सचिव आहे. मानद म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. काम पगारी माणसाइतकं आणि पगाराच्या दिवशी नुसता चहा!

आमचे सभासद नऊशेच्या आसपास, सगळ्या बायका. संस्था लहान असली तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या मोठ्या संस्थांना जे करावं लागतं ते आम्हालाही चुकत नाही. किर्द, खतावणी, तेरीज, मार्चअखेरचं व्याज, लेखापरीक्षण, सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा. पूर्वी हे सगळं हातानं, लाल कापडात बांधलेल्या वह्यांत. मग एक संगणक आला. तो पावसाळ्यात हमखास आजारी पडे. शेवटी चार वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं घेतलं. आमच्या टेबलावर नुसती खिडकी, माहितीची कोठी कंपनीकडे. स्वतःची कोठी बांधायची तर आमचा वर्षाचा नफा त्यातच गेला असता.

गेल्या मार्चअखेरची गोष्ट. व्याज आकारून ठेवींची यादी छापली. बेरीज घेते तर तेरजेशी जुळेना. यादीची बेरीज जास्त! मी आमच्या क्लार्कवर चिडले, ती माझ्यावर रुसली. मग ओळ न् ओळ वाचायला बसले आणि तिसऱ्या पानावर थबकले. बायकांच्या संस्थेच्या यादीत पुरुषांची नावं! एकामागून एक अकरा. पत्ते सगळे सातपूरकडचे, आणि प्रत्येकापुढे त्याची ठेव किती, व्याज किती, वारसदार कोण, सगळं व्यवस्थित छापलेलं.

पहिल्यांदा मला हसूच आलं. दुसऱ्या क्षणी पोटात गोळा आला. त्यांची नावं आमच्याकडे आली, तर आमची कुणाकडे गेली?

इथं मला एका बाईबद्दल सांगायला हवं. नाव सांगणार नाही. आमच्याकडे तिचं आवर्त ठेवीचं खातं आहे, दरमहा पाचशे रुपयांचं. ती शिवणकाम करते; फॉल-पिकोचे, ब्लाउजचे पैसे साठवते. मुलीला नर्सिंगला घालायचं आहे. नवऱ्याला या खात्याचा पत्ता नाही. नवरा दुष्ट आहे असं नाही हं. हात सढळ आहे इतकंच. भावानं मागितले, दिले, मित्राची रिक्षा अडली, दिले. दोन वेळा मुलीच्या नावचे पैसे असेच गेले, तेव्हा ती आमच्याकडे आली. तिचं पासबुक माझ्या कपाटात असतं. घरी नेत नाही. अशी सात-आठ पासबुकं माझ्या कपाटात आहेत, आणि तुमच्यापैकी कुणाचं डाळीच्या डब्यातलं पाकीट आठवत असेल तर तुम्हाला निराळं समजावून सांगायला नको.

हिचा नवरा पिग्मी एजंट आहे. सातपूरच्या एका पतसंस्थेचा.

त्या संध्याकाळी यादी घेऊन मी घरी आले ती थेट सूनबाईकडे. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. काम म्हणजे ढीगभर माहिती एका ठिकाणाहून उचलायची, निवडायची, पाखडायची आणि दुसरीकडे मांडायची. आमच्या सॉफ्टवेअरशी तिचा संबंध नाही. पण यादी दोनदा वर-खाली पाहून तिनं तो भाडेकरूंचा प्रश्न विचारला.

"चाळीसेक संस्था आहेत म्हणे," मी म्हटलं.

"मग एकाच वाड्यातली चाळीस बिऱ्हाडं आहात तुम्ही," ती म्हणाली. "आणि कुणीतरी गड्याच्या हातात मालकाचा जुडगा दिलाय."

वाड्याचं नाव काढलं आणि मला सगळं भराभर कळायला लागलं. कारण माझं माहेर जुन्या नाशकातलं, तिवंध्याकडचं. मधे चौक, चौकात एक नळ, पूर्वेला चार बिऱ्हाडं, पश्चिमेला तीन. मे महिन्यात जो तो आपापल्या गावी जाई आणि किल्ल्या मालकांकडे ठेवी. मालकांचा म्हातारा गडी तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन तुळशींना पाणी घाली, धान्याला ऊन दाखवी. एका वर्षी त्याला सांगितलं गेलं, "वरच्या दुसऱ्या खोलीतला गहू गच्चीत घाल." आता दुसरी खोली पूर्वेलाही होती आणि पश्चिमेलाही. हातात सगळ्या किल्ल्या, त्याला अडवणार कोण? त्यानं दोन्ही खोल्या उघडल्या आणि दोन्ही घरांचा गहू एकाच चादरीवर ओतला. एकीचा लोकवन, दुसरीचा बन्सी. जून महिन्यात त्या दोघी परतल्या, आणि पुढं माझं लग्न होऊन मी वाडा सोडला तरी त्यांचं बोलणं सुरू झालं नव्हतं.

आमच्या यादीचं अगदी हेच झालं होतं. कसं, ते सूनबाईनं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, शेंगा सोलता सोलता सांगितलं. तिच्याच शब्दांत सांगायला मला जमणार नाही, पण माझ्या शब्दांत सांगते.

पुष्कळ संस्थांची माहिती एका कोठीत ठेवायच्या तीन तऱ्हा. प्रत्येकीला स्वतंत्र बंगला, म्हणजे वेगळा डेटाबेस. नाहीतर एका इमारतीत वेगळे फ्लॅट. नाहीतर वाडा, म्हणजे सगळ्यांची खतावणी एकाच लांबलचक तक्त्यात, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला संस्थेचा क्रमांक. ओरॅकल कंपनीनं २०१३ साली एक मधली वाट काढली, एका मोठ्या पेटीत सुटे काढता-घालता येणारे खण असावेत तशी. आमची कंपनी वाड्यातली, कारण वाडा सगळ्यात स्वस्त.

वाडा म्हणजे वाईट असं समजू नका. त्यात प्रत्येक दाराला कुलूप घालता येतं. आमच्या कोठीचं नाव पोस्टग्रेस. २०१६ च्या जानेवारीत आलेल्या तिच्या आवृत्तीपासून तिला असा नियम घालून देता येतो की, सतरा क्रमांकाची संस्था आत आली तर तिला सतराच्याच ओळी दिसाव्यात. बाकीच्या ओळी जणू नाहीतच. आमची क्लार्क रोज काम करते ते या नियमाखाली. पण यात एक मेख आहे. ज्याच्या मालकीचा तक्ता, त्याला हा नियम लागूच होत नाही, मुद्दाम सक्ती केल्याशिवाय. घरमालकाला कुठलं दार बंद! (हे ऐकून आमचे हे आतून म्हणाले, "आपल्याकडे उलट आहे." मी दुर्लक्ष केलं.)

आता गडी कोण? तोच या गोष्टीतला नवा माणूस.

संस्था दहा होत्या तोवर कंपनी एकेकीचं व्याज एकेका रात्री करत असे. चाळीस झाल्यावर मार्चअखेरची रात्र पुरेना. म्हणून त्यांनी स्पार्क नावाची यंत्रणा आणली. ही काय करते ते पापडावरून सांगते. वर्षाचे पापड एकटी लाटायला बसलात तर आठवडा जातो. पण पीठ मळून, लाट्या करून दहाजणींत वाटलं आणि संध्याकाळी सगळ्यांचे पापड गोळा करून मोजले, तर दुपारीच आवरतं. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, ते याच वाटून घेण्यावर उभं राहिलं. संगणकाच्या जगात ही युक्ती २००४ साली गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी लिहून मांडली. मग तिच्यावरून हडूप आलं. ते नाव एका लहान मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीचं. मुलाचे वडील डग कटिंग यांनी ते आपल्या कामाला देऊन टाकलं! हडूप प्रत्येक पायरीनंतर सगळं सामान कपाटात ठेवी आणि पुढच्या पायरीला पुन्हा काढी. २००९ च्या सुमारास मातेई झहारिया या तरुणानं स्पार्क सुरू केलं, त्यात सामान शक्यतो ओट्यावरच राहतं. म्हणून ते चपळ. गंमत अशी की स्पार्क आणि पोस्टग्रेस या दोघांचं माहेर एकच आहे, कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ. पोस्टग्रेस १९८६ मधली, म्हणजे थोरली.

माहेर एक असलं म्हणून दोघींचं आपोआप जुळतं असं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको!

ही जुळणी करताना कंपनीनं सोपी वाट धरली. स्पार्कच्या सगळ्या हातांना कोठीत शिरायला मालकाचंच नाव देऊन टाकलं. एकच किल्ली, सगळी दारं उघडी, काम लवकर. वर दुसरी चूक अशी की, सभासदांचा तक्ता आणि ठेवींचा तक्ता जोडताना नुसता सभासद क्रमांक जुळवला. आता ११२ क्रमांकाची सभासद आमच्याकडे आहे, तशी सातपूरलाही आहे, आणि बाकीच्या संस्थांतही असेल. वरची दुसरी खोली! क्लार्कच्या खिडकीतून काम चाले तेव्हा दाराचा नियम बाकीच्या ओळी लपवी, म्हणून ही चूक तिथं कधी दिसलीच नाही. मालकाच्या किल्लीनं शिरल्याबरोबर गहू एका चादरीवर आला.

"मग नावं अकराच कशी? नऊशे का नाहीत?" मी विचारलं. मला वाटलं, मोठा शहाणा प्रश्न विचारला.

"शोधायला हवं. पण यादीतले हे सगळे क्रमांक एकाच पट्ट्यातले आहेत," ती म्हणाली. "बहुतेक एका वाट्याचं काम अर्धवट राहिलं आणि ते परत चालवताना जुन्या पद्धतीचा तुकडा वापरला गेला." पुढं कंपनीनं शोधलं तेव्हा असंच निघालं. दहाजणी लाटत असल्या की एकीचं पीठ सैल झालं तरी ढिगात चटकन कळत नाही, तसंच हे.

हे सगळं समजून घेईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले होते. मी झोपले नाही. मला तो स्पार्क दिसत नव्हता, दिसत होता सातपूरच्या संस्थेतला संध्याकाळचा देखावा. पिग्मीवाले पाच वाजता दिवसाची जमा घेऊन येतात, टेबलाभोवती बसतात, पावतीपुस्तकं मिटवतात आणि समोर जो कागद पडला असेल तो वाचतात. माणसाची सवयच ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षा केली. आमच्याकडे आलेली त्यांची अकरा नावं लिफाफ्यात घातली. आपल्याला कुठलं नाव हवं आहे हे तर कुणाला कळू द्यायचं नाही, मग मागायचं कसं? ठरवलं की देण्यापासूनच सुरुवात करायची. व्यवस्थापकांना म्हटलं, "साहेब, तुमचे सभासद आमच्याकडे चुकून आलेत, ते पोचवायला आले आहे. आमच्या काही लेकी तुमच्याकडे आल्या असतील तर परत द्या."

ते गृहस्थ भले. त्यांनी लिफाफा उघडून पाहिला आणि चेहरा पांढरा पडला, कारण त्या अकरात एक नाव त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं होतं. ठेवीचा आकडाही बराच घसघशीत. "अहो, हा मला सांगतो की हातात दमडी नाही!" असं ते बोलून गेले आणि मग जीभ चावली. मी घड्याळाकडे पाहिलं. चार वीस.

त्यांनी खण उघडला. त्यांचीही बेरीज जुळली नव्हती, म्हणून प्रिंट तशीच पालथी घालून ठेवली होती. बायकांची नावं पाहून त्यांना वाटलं होतं, कुणीतरी नवे सभासद चढवले असतील. मी पानं घेतली. सातव्या पानावर ती होती. नाव, पत्ता, दरमहा पाचशे, जमा किती, वारस म्हणून मुलीचं नाव.

"ही कुणी पाहिली?"

"मी आणि आमचा शिपाई. त्यानं छापली, मी पालथी ठेवली."

मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार? आम्ही दोघांनी मिळून कंपनीला एक पत्र लिहिलं, दोन्ही संस्थांच्या शिक्क्यांनिशी, आणि यादी दुरुस्त होईपर्यंत व्याज खात्यांना लावू नये असं कळवलं. पत्रात त्यांनी २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा उल्लेख घातला. मला तो सुचला नसता. मी बाहेर पडले तेव्हा पायऱ्यांवर दोन पिग्मीवाले चढत होते. त्यातला एक तिचा नवरा होता का, ते मला माहीत नाही. मी त्याला कधी पाहिलेलंच नाही.

चार दिवसांनी कंपनीचा एक तरुण आमच्या कार्यालयात आला. घाबरलेला होता बिचारा. बहुधा चूक त्याची नव्हतीच, बोलणी खायला मात्र त्याला धाडलं होतं. मी आधी चहा दिला, मग सूनबाईनं लिहून दिलेला कागद काढला. हे प्रश्न तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते. कारण तुमच्या सोसायटीचं मेंटेनन्सचं अॅप, मुलांच्या शाळेचं अॅप, डॉक्टरांकडची नोंदणी, यांतलं बरंचसं असंच सामाईक वाड्यात राहतं.

पहिला प्रश्न विचारला, तुमचा गडी कुणाच्या नावानं आत शिरतो? त्यानं कबूल केलं, मालकाच्या. आता त्यांनी वेगळं नाव केलं आहे. त्या नावावर कुठलाच तक्ता नाही, त्याला फक्त वाचता येतं आणि दाराचा नियम त्यालाही लागतो. तक्त्यांच्या मालकावरही नियमाची सक्ती केली आहे.

दुसरा प्रश्न, आपण कुठल्या बिऱ्हाडासाठी आलो हे तो केव्हा सांगतो? इथं तो पोरगा जरा खुलला. त्याला रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांची आठवण देऊन म्हटलं, "अरे, आपण गंगेवर गेलो की ते आधी काय विचारतात? आडनाव काय, मूळ गाव कोणतं. त्याशिवाय वही उघडत नाहीत. पिढ्यान् पिढ्यांच्या नावांच्या वह्या आहेत त्यांच्याकडे, पण तुमच्या हाती तुमच्याच घराण्याचं पान येतं." तो म्हणाला, स्पार्कमध्ये नेमकी तशी सोय आहे. प्रत्येक हात कोठीशी नवी जोडणी उघडतो, तेव्हा काहीही वाचायच्या आधी त्याला एक ठरलेलं वाक्य म्हणायला लावता येतं: मी सतरा क्रमांकाच्या संस्थेसाठी आलो आहे. आणि हे एकदा सांगून भागत नाही. हात आठ असतील तर आठांनीही म्हणायचं. शिवाय दिवसा क्लार्कच्या कामाच्या जोडण्या कंपनी पुन्हापुन्हा वापरते. तिथं काम संपलं की सांगितलेला क्रमांक पुसलाच पाहिजे. नाहीतर आमटीतला डाव न धुता खिरीत, असं व्हायचं!

तिसरा प्रश्न नळाचा. मला तो सर्वांत आवडला, कारण वाड्यात सगळ्यांत जास्त भांडणं त्यावरूनच होत. पोस्टग्रेसच्या दारात एका वेळी शंभर जोडण्या, ही मूळ मर्यादा. वाढवता येते, पण फुकट नाही, प्रत्येकीला जागा लागते. स्पार्कला काहीच सांगितलं नाही तर उलटं होतं, एकच हात सगळा तक्ता ओढत बसतो आणि बाकीचे रिकामे. वाटे घालायला सांगितलं तर जितके वाटे, तितके नळ एकदम उघडतात. कंपनीनं हौसेनं चौसष्ट वाटे घातले होते. त्याच आठवड्यात दोन दिवस सकाळी आमच्या खिडकीवर चक्र फिरत राहिलं होतं आणि रांगेतल्या बायका मला नावं ठेवत होत्या, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला. कुणीतरी मोटर लावली होती! आता वाटे आठच, तेही रात्री, आणि मूळ वहीवरून नाही. तिची जी नक्कल शेजारी सतत लिहिली जाते तिच्यावरून.

"वेळ जास्त लागेल मॅडम," तो म्हणाला. "चाळीस संस्था एकदम करत होतो, आता एकेक करावी लागेल."

"पहाटेपर्यंत होईल ना?"

"होईल."

"मग कर."

शेवटचं मी माझ्या मनानं विचारलं, कागदावर नव्हतं. यापुढं हे चुकणार नाही हे तुला कळणार कसं? त्यावर त्यानं सांगितलेला उपाय मला फार पटला. त्यांनी कोठीत दोन खोट्या संस्था वसवल्या आहेत. दोन्हींत सभासद क्रमांक मुद्दाम सारखेच. एकीत सगळ्यांची आडनावं फळांची, दुसरीत भाज्यांची. दर रात्री खरं काम सुरू व्हायच्या आधी स्पार्क त्या दोघींच्या याद्या करतो. फळांच्या यादीत एक जरी भेंडी दिसली तरी काम तिथंच थांबतं आणि कुणाचा तरी फोन वाजतो. दोन तक्ते जोडतानाही आता संस्था क्रमांक आणि सभासद क्रमांक दोन्ही जुळवतात. ते तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, असं मी म्हटलं. तो काही बोलला नाही, बिस्किट खात राहिला.

राहता राहिली ती. तिला सांगावं की सांगू नये, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. आमच्या ह्यांचं मत, कशाला घाबरवायचं. काही झालेलं नाही. सूनबाई म्हणाली, "आई, पैसे तिचे, गुपित तिचं. ते घराबाहेर पडून परत आलं हे तिला कळायला नको?" मला दोघांचंही पटत होतं, आणि खरं सांगते, मला तिच्या समोर बसायची लाज वाटत होती. पासबुक कपाटात ठेवते म्हणून मी किती मिरवत होते! कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, आणि आकडे मात्र सातपूरच्या खणात पालथे पडलेले.

शेवटी ती महिन्याची रक्कम भरायला आली तेव्हा दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. सातवं पान तिच्या हातात दिलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं, घडी केली, आणखी एक घडी केली, ब्लाउजमध्ये सरकवलं.

"त्यानं पाहिलं का?" तिनं विचारलं.

"नाही, असं व्यवस्थापक म्हणतात."

"पाहिलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं ताई. त्याच्या पोटात काही राहत नाही." मग जरा वेळानं, "आता ती किल्ली कुणाकडे आहे?"

मी तिला फळं आणि भाज्यांची गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, मोजमापाच्या वहीत दोन बायकांचं नाव एकच असलं तर मीही शेजारी गल्ली लिहिते.

खातं बंद करायचं असेल तर कर, मी राग धरणार नाही, असं मी म्हटलं. तिनं त्यावर काही उत्तर दिलं नाही. पासबुक मागितलं. मी कपाट उघडून दिलं. ओळीवरून बोट फिरवत ती खालपर्यंत आली आणि थांबली.

"मार्चचं व्याज अजून चढलेलं नाही ताई," ती म्हणाली.

यादी अडकली होती तेव्हा आम्हीच ते थांबवलं होतं. नवी यादी आदल्याच रात्री झाली होती आणि तेरजेशी जुळली होती. मी प्रिंटर सुरू केला, पासबुक आत सरकवलं, आणि ती टेबलाला टेकून ओळ छापून होईपर्यंत बघत उभी राहिली.